भर पाण्यात कपाशी सुकते तेव्हा

परतूर भागातून विचारणा आली आहे : "बरेच दिवस उघडीप होती, मग दोन दिवस झोडपून पाऊस झाला. सखल पट्ट्यातली पऱ्हाटी (कपाशी) ऊन पडताच माना टाकून उभी आहे, पाते (फुलकळी) गळतेय. दुकानदाराने बुरशीनाशक दिले. मुळाशी एवढे पाणी असताना झाड वाळते कसे?"

लक्षणे आकस्मिक मर रोगाची दिसतात. रोग म्हणतात, पण हा बुरशीने होत नाही. खात्रीसाठी एक झाड उपटून बुडाजवळ विळ्याने तिरपे कापा. आतले लाकूड पांढरे स्वच्छ असेल तर आकस्मिक मर. तपकिरी रेघा दिसल्या किंवा मुळाची साल कुजून हाताने सुटू लागली, तर बुरशी.

मुळाशी पाणी आहे, पण हवा नाही. टोकाकडची केसासारखी मुळे पाणी आणि त्यात विरघळलेले नत्र-पालाश आत घेतात, आणि त्यांनाही श्वासाला प्राणवायू लागतो. आपल्या भारी काळ्या रानात पाऊस थांबला तरी मातीच्या पोकळ्या पाण्याने भरलेल्याच राहतात. मुळे गुदमरली की पाणी आत येणे मंदावते. वर मात्र खर्च चालूच. पानांवरची पर्णरंध्रे उन्हात पाण्याची वाफ सोडत राहतात. मुळाने घेतलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून अधिक याच वाटेने जाते, अंगी लागते ते थोडेच. याच ओढीने खोडातल्या जलवाहिन्यांतून पाण्याची सलग धार वर चढते. वरून ओढ आणि खालून पुरवठा नाही, म्हणजे विहिरीवरच्या मोटारीने हवा धरावी तशी गत. म्हणून आभाळ असेपर्यंत झाड तग धरते आणि कडक ऊन पडले की लोंबते. पाते-बोंडांनी लगडलेली, भरपूर पानांची कपाशी आधी बळी पडते, कारण तिचा खर्चच मोठा.

तेव्हा पहिले काम फवारणीचे नाही, चराचे. उताराच्या बाजूने चर काढून साचलेले पाणी आजच बाहेर काढा. मग 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम 00:00:50 (पालाशयुक्त विद्राव्य खत) आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड (बुरशीनाशक) मिसळून प्रति झाड 100 मिली आळवणी करा, म्हणजे द्रावण बुडाशी ओता. यातले कॉपर अशक्त मुळांवर पुढे बुरशी चढू नये म्हणून आहे. लक्षणे दिसल्यापासून दोन दिवसांत हे झाले तर बरीच झाडे सावरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी केलेला खर्च बहुधा वाया जातो. वापसा (मशागतीजोगी ओल) येताच कोळपणी (ओळींमधली वरवरची मशागत) करा, म्हणजे मातीत हवा खेळेल.

दुपारी सुकून सकाळी ताठ होणाऱ्या झाडांना मर समजू नका. कडक उन्हात घेण्यापेक्षा सोडणे जास्त झाले की असे होते. सकाळी सहा-सातलाही पान लोंबलेलेच असेल तर हालचाल करा.

अंबडहून दुसरा प्रश्न : उन्हाळ्यात मोसंबीच्या पानांतून जाणारे पाणी कमी करता येते का? येते. 10 लिटर पाण्यात 800 ग्रॅम केओलिन (पांढऱ्या चिनी मातीची पूड) कालवून फवारा. पांढऱ्या थरावरून ऊन परतते, पान कमी तापते आणि वाफ कमी होते. फवारताना द्रावण सारखे ढवळत राहा, नाहीतर पूड तळाशी बसून नोझल तुंबते. मात्र बुडाशी पाचटाचे आच्छादन नसेल तर आधी ते करा, केओलिन नंतर.