भीमाशंकरला शेकरू शोधताना आधी झाडं बघा

भीमाशंकरला एक सकाळ हाताशी आहे, शेकरू (झाडांवर राहणारी मोठी खार) कसं शोधायचं आणि आजूबाजूची झाडं कशी ओळखायची, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, सुरुवात झाडांपासून करा. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. त्यामुळे जिथे झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेत तिथेच त्याचा वावर असतो. मोकळ्या पायवाटेवर उभं राहून कितीही वाट पाहिली तरी हाती फारसं लागत नाही.

साधारण हजार मीटर उंचीवरचं हे निमसदाहरित जंगल, म्हणजे काही झाडं वर्षभर हिरवी, काही पानं गाळणारी. पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत कोसळून जातो, उरलेले आठ महिने कोरडे. वर माथ्यावरचा वारा, खाली कातळावर मातीचा पातळ थर. म्हणून झाडं फार उंच जात नाहीत, पण छत मात्र घट्ट मिटलेलं असतं.

तीन झाडं पक्की करा. अंजनीची पानं समोरासमोर, जाड, चकचकीत. आडव्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये डहाळ्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके असे चिकटतात की डहाळीच झाकली जाते. पिसा या झाडाची पानं फांदीच्या टोकाला झुपक्यात येतात. पान उलटून बघा, मागची बाजू पांढुरकी दिसेल. जांभळाचं पान उजेडासमोर धरलंत की कडेलगत एक सलग शीर धावताना दिसते, आणि चुरगाळलं की ओळखीचा वास येतो. महाबळेश्वरलाही हेच त्रिकूट भेटतं. सोबतीला हिरडा असतोच. त्याचं पान सुरू होतं तिथे देठावर दोन बारीक गाठी असतात, त्या बोटाला लागतात.

आता शेकरू. उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत आणि मग दुपार कलल्यावर ते हालचाल करतं; भर दुपारी फांदीवर पसरून झोपतं. बहुतेक लोक नेमके अकरा वाजता पोहोचतात आणि रिकाम्या हाताने परततात. वीसेक पावलं चाला, पाच मिनिटं थांबा, पुन्हा चाला. आधी कान लावा: दाट झाडीतून येणारा खडखडीत, लांबलेला कटकटाट म्हणजे बहुधा त्याने तुम्हाला पाहिलंय. अशा वेळी हलू नका. थोड्या वेळाने पानांमागून लोंबणारी झुपकेदार शेपटी आधी दिसते, अंग मागाहून.

घरटं म्हणजे डहाळ्या आणि पानांचा मोठा गोळा. ते टोकाच्या बारीक फांद्यांवर असतं, कारण जड शिकारी प्राण्याला तिथवर जाता येत नाही. एकच शेकरू अशी कित्येक घरटी बांधतं, म्हणून घरटी मोजून शेकरांची संख्या ठरवू नका. ताजी हिरवी पानं लावलेली दिसली तर ते वापरात असण्याची शक्यता जास्त. सगळं तपकिरी, विस्कटलेलं असेल तर पुढे चला. दुर्बीण ८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. त्याहून जास्त मोठं करून दाखवणारी हातात थरथरते आणि पानांच्या गर्दीत शेकरू सापडेपर्यंत ते निघून जातं.

खाऊ मात्र टाकू नका, ही कळकळीची विनंती. खाऊच्या आशेने शेकरू खाली उतरलं की कुत्र्यांच्या तावडीत सापडतं. वाट रुंद करायला तोडलेलं एखादं झाडही त्याला तितकंच महागात पडतं. उडी सहा मीटरपर्यंत जाते. फट त्याहून रुंद झाली की पलीकडची फळझाडं त्याच्यासाठी संपलीच.

पावसाळ्यात धुक्यामुळे शेकरू दिसणं अवघड, पण जमिनीवरचं जग जागं होतं. इथल्या झुडपी बेडकांच्या अंड्यांतून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो, मधली शेपटीवाली अवस्था पाण्यात काढावी लागत नाही. चढणीवर तोल सांभाळायला न बघता फांदी धरू नका: हिरवा, तिकोनी डोक्याचा चापडा साप गुडघा ते छातीच्या उंचीवर तासन् तास निश्चल बसतो आणि तो विषारी आहे. ओल्या दगडाखाली देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, पण बेडकाच्या गटातला बिनपायांचा उभयचर) असू शकतं. ते त्वचेतूनही श्वास घेतं, ती सुकली की गुदमरतं. म्हणून दगड उचललाच, तर त्याच खाचेत, त्याच बाजूने, हळूच परत टेकवा.