हबशी कोण आणि कुशी कोण

प्रश्न असा आला आहे: ‘सुदानमधल्या मेरोए इथल्या पिरॅमिडांविषयी एका मराठी लेखात “हबशी राजांचे पिरॅमिड” असं वाचलं. हा प्रयोग बरोबर आहे का? हबशी म्हणजे आफ्रिकी असाच अर्थ घ्यायचा ना?’

नाही. दोन्ही प्रश्नांना नाही.

‘आफ्रिकी माणूस’ हा ढोबळ अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. रंगावरून चिडवण्यासाठी या शब्दाचा होणारा वापरही ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. राग येतो तो छापील मजकुराचा. अभ्यासपूर्ण म्हणवणाऱ्या लेखांत खार्टूमपासून झिंबाब्वेपर्यंत जो दिसेल तो हबशी! युरोपातल्या प्रत्येक माणसाला आपण फिरंगी म्हणत होतो ते दिवस सरले. मग एका अख्ख्या खंडाच्या वाट्याला अजून एकच शब्द का?

मेरोएचे पिरॅमिड कुश या सुदानमधल्या प्राचीन राज्याचे आहेत. नाईलच्या काठी केर्मा इथे इसवी सनापूर्वी 2500 च्या सुमारास या परंपरेचं पहिलं मोठं नगर उभं राहिलं. पुढे नापाता या कुशी राजधानीचा राजा पिये याने इसवी सनापूर्वी आठव्या शतकात थेट इजिप्त जिंकलं आणि त्याच्या घराण्याने तिथे फेरो म्हणून राज्य केलं. तहार्का याच घराण्यातला. असुरियाच्या फौजांनी त्यांना इजिप्तमधून हुसकावलं, तरी कुश संपलं नाही. ते दक्षिणेला सरकलं, मेरोएला लोखंड गाळत राहिलं, स्वतःची लिपी घडवत राहिलं आणि आणखी हजारभर वर्षं टिकलं. सुदानात आज दोनशेहून अधिक पिरॅमिड आहेत, इजिप्तपेक्षा जास्त. तिथल्या राण्यांचा किताब ‘कंदाके’. अमानिरेनास या कंदाकेच्या काळात कुशी सैन्य रोमशी लढलं. सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याचं काशाचं डोकं पळवून आणून त्यांनी मेरोएच्या एका मंदिराच्या उंबऱ्याखाली पुरलं, म्हणजे येणारा-जाणारा त्याच्यावरून पाय देऊन जाईल. ते 1910 मध्ये उत्खननात सापडलं.

आता हबशी. हे नाव कुशचं नाही, कुशच्या पूर्वेला, आजच्या इथिओपिया-एरिट्रियातल्या डोंगराळ पठारावर वसलेल्या अक्सूम राज्याचं आहे. चौथ्या शतकात तिथे एझाना नावाचा राजा होता. त्याने कोरवून घेतलेला शिलालेख आजही अक्सूममध्ये उभा आहे. गीझ या तिथल्या प्राचीन भाषेतला मजकूर दोन लिप्यांत आणि शिवाय ग्रीक. सुरुवातीला राजाची बिरुदावली आहे: अक्सूमचा, हिम्यरचा, सबाचा (ही दोन्ही येमेनमधली राज्यं), हबशतचा, कासूचा राजा, वगैरे. हे ‘हबशत’ म्हणजे आपला हबशी. आणि ‘कासू’ म्हणजे कुश! एकाच ओळीत दोन्ही नावं वेगवेगळी आली आहेत. पुढच्या एका लेखात तर एझाना नोबा लोकांवरच्या स्वारीचं वर्णन करतो, आणि ती स्वारी नाईल आणि अतबारा यांच्या संगमापर्यंत, कासूच्या मुलखापर्यंत पोचते. मेरोए तोवर खिळखिळं झालंच होतं. म्हणजे ‘हबशी राजांचे पिरॅमिड’ म्हणताना आपण स्वारी केलेल्याचं नाव ज्याच्यावर स्वारी झाली त्याच्या थडग्यांना देतो. लेखकाने शिलालेखाचं भाषांतर एकदा वाचलं असतं तर ही चूक झाली नसती.

त्या ग्रीक मजकुरात आणखी एक गंमत आहे. गीझमध्ये जिथे ‘हबशत’ आहे, तिथे ग्रीकमध्ये ‘ऐथिओपेस’ लिहिलंय. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटससाठी ऐथिओपिया म्हणजे मेरोएचा देश, म्हणजे कुश. एझानाने ते प्रतिष्ठित ग्रीक नाव उचलून आपल्या लोकांना लावलं. आजचा इथिओपिया त्या नावाने ओळखला जातो त्याचं मूळ इथे आहे. युरोपीय लोक पुढे ज्याला ॲबिसिनिया म्हणू लागले, तोही हबशचाच अपभ्रंश.

‘हबशत’ची व्युत्पत्ती काय? अरबी कोशकार सांगतात की ‘हबश’ धातू म्हणजे गोळा करणे, म्हणून हबशी म्हणजे मिश्र जमाव. मराठीतही हे उतरवून घेतलेलं दिसतं. मला ते साफ अमान्य आहे. नाव आधी होतं, धातूशी नातं नंतर जुळवलं गेलं, आणि जुळवताना एका राष्ट्राला ‘मिसळलेले लोक’ ठरवलं गेलं. कोणताही समाज स्वतःला असं नाव देत नाही. इटालियन पंडित कार्लो कोंती रोसिनी यांचं मत त्याहून जास्त काळ चाललं: हबशत ही येमेनची टोळी, ती समुद्र ओलांडून आफ्रिकेत आली आणि तिने संस्कृती आणली. पुरावा? येमेनी शिलालेखांत हे नाव येतं, एवढाच. पण त्या लेखांतले हबशत म्हणजे समुद्रापलीकडून येऊन येमेनच्या राजकारणात लुडबुड करणारे अक्सूमचेच लोक आहेत असं ए. के. अर्विन यांनी 1965 मध्येच दाखवून दिलं. आफ्रिकेत काही भव्य दिसलं की ते बाहेरून आलं असणार, हा त्या पिढीच्या पंडितांचा पूर्वग्रह होता. आपण तो का वागवायचा?

मला पटते ती दक्षिण अरबस्तानचे अभ्यासक एडुआर्ड ग्लासर यांची वाट. इजिप्तची राणी हत्शेपसुत हिने इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात तांबड्या समुद्रामार्गे पुंत देशाला जहाजं पाठवली. तिथून धूप आला, सोनं आलं, मुळांसकट धुपाची झाडं आली. देर अल-बहारी इथल्या तिच्या मंदिराच्या भिंतींवर सगळं कोरलंय. पुंतच्या बाजूच्या या धूपवाल्या लोकांसाठी मिसरी लेखनात ‘ख-ब-स-त’ या व्यंजनांचं एक नाव येतं. मिसरी भाषेत दाढीचा शब्द याच व्यंजनांचा आहे, आणि भिंतीवरचा पुंतचा सरदार पाहा: हनुवटीवर लांब, निमुळती दाढी. तेव्हा खबसत म्हणजे दाढीवाले, आणि खबसतचं हबशत. आक्षेप मला माहीत आहेत. मिसरी ‘ख’ आणि गीझचा ‘ह’ हे वेगळे वर्ण, आणि मध्ये दीड हजारांहून अधिक वर्षांचं अंतर. दुसरा आक्षेप असा की परक्यांनी दिलेलं नाव लोक स्वतःला कशाला लावतील? याचं उत्तर आपल्याकडेच आहे. ‘हिंदू’ हा सिंधूचा इराणी उच्चार, आणि तो आपण घेतलाच ना? एझानाने ‘ऐथिओपेस’ घेतलं तसंच.

शिवाय आता भूगोलही या बाजूला झुकतोय. इजिप्तमध्ये पूजेसाठी आणलेल्या बबून माकडांच्या ममींपैकी एकीचा डीएनए तपासला गेला आणि 2023 मध्ये निष्कर्ष आला: ते माकड एरिट्रिया आणि त्याच्या शेजारच्या मुलखातलं. म्हणजे नंतर जिथे अक्सूमचं अदुलिस बंदर उभं राहिलं तो किनारा. पुंत आणि अदुलिस एकाच टापूत असतील, तर दाढीवाल्यांचं नाव तिथेच पिढ्यान् पिढ्या मुरत राहिलं असं मानायला मला तरी अडचण वाटत नाही.

याच अदुलिसला पहिल्या शतकात ‘अरिआके’हून लोखंड, पोलाद आणि सुती कापड उतरत असे. बहुतेक अभ्यासक अरिआके म्हणजे गुजरात ते उत्तर कोकणाचा किनारा मानतात. तेव्हा हबशी आपल्याकडे गुलाम म्हणून येण्याच्या कितीतरी आधी आपलं कापड त्यांच्याकडे जात होतं. अक्सूमची भरभराट तांबड्या समुद्रावरच्या या व्यापाराची होती. सोन्याची नाणी पाडणारं राज्य होतं ते. सहाव्या शतकाच्या शेवटी इराणने येमेन घेतलं, मग समुद्रावरचे मार्ग अरबांच्या हाती गेले, सातव्या शतकात नाणी पाडणं थांबलं आणि राजसत्ता पठाराच्या आत सरकली. नाव तेवढं अरबीतून फारसीत, फारसीतून दख्खनीत आलं. पण वाटेत ते गुलामांच्या बाजाराचं लेबल झालं आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेला कोणीही हबशी ठरला. मलिक अंबर मात्र खरोखर इथिओपियातलाच, आणि जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला ‘हबसाण’ म्हणत ते याच शब्दावरून.

तेव्हा मेरोएच्या पिरॅमिडांना कुशी म्हणा. अक्सूमच्या स्तंभांना, एझानाच्या नाण्यांना हबशी म्हणा, ते बरोबर आहे. इथिओपिया-एरिट्रियातले अनेक लोक आजही स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवतात. रस्त्यात दिसलेल्या नायजेरियन विद्यार्थ्याला हबशी म्हणणं अपमानास्पद आहे, आणि शिवाय भूगोलही चुकतो: त्याचा देश अक्सूमपासून खंडाच्या दुसऱ्या टोकाला आहे.