वहीच्या मागच्या पानावरचे शब्द

'ताई, आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी ॲबस्ट्रॅक्ट लिहून आणायला सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. मी चार पानं लिहून नेली आणि बाकीच्यांचं अर्धं पान. शेजारची हसली. तेव्हापासून मागच्या बाकावर बसते. न कळलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते, कुणाला विचारत नाही. आईला फोनवर "सगळं मस्त चाललंय" म्हणते. मला इथे चुकून प्रवेश मिळाला असावा.'

बाळा,

तुझ्या मागच्या पानावरची यादी मी दोनदा वाचली. क्रेडिट, इलेक्टिव्ह, प्लेजरिझम. यातला एकही शब्द नुसत्या हुशारीने कळत नाही, तो कुणीतरी सांगावा लागतो. शेजारचीला घरात कुणीतरी बोलता बोलता सांगितला असेल. कधी कळला हे तिला आठवतही नसेल. तुझ्या घरी सांगणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक आहे.

मीही घरातली पहिलीच. पहिले सहा महिने मी ग्रंथालयात बसून पुस्तकंच्या पुस्तकं हाताने उतरवून काढली. ती घरी नेता येतात हे माहीत नव्हतं आणि विचारायला जीभ रेटत नव्हती. एके दिवशी काउंटरवरच्या बाईंनी आपणहून विचारलं, 'अगं, कार्ड नाही का काढलंस?' दोन मिनिटांत कार्ड हातात आलं. दुखऱ्या मनगटाने लिहीत बसलेल्या त्या मुलीचं मला अजून वाईट वाटतं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

म्हणून उद्या तास संपला की मॅडमना गाठ. 'मला काही कळत नाही' असं म्हणू नकोस, नेमकं विचार: 'मी चार पानं लिहिली होती, ॲबस्ट्रॅक्टमध्ये काय ठेवायचं आणि काय गाळायचं?' तोवर एवढं ध्यानात ठेव: ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे अख्ख्या लेखाचा थोडक्यात सारांश. प्रश्न कोणता घेतला, तो कसा तपासला, हाती काय लागलं, हे साधारण 150 ते 250 शब्दांत सांगायचं. प्लेजरिझम, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देणं, हेही आजच समजून घे, कारण तिथे अजाणतेपणी केलेली चूकही महागात पडते. दुसऱ्याचं वाक्य किंवा विचार घेतला तर तो कुणाचा हे लिहायचंच. बाकीचे शब्द सावकाश विचारलेस तरी चालतील.

'चुकून प्रवेश'बद्दल. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये या भावनेवर लिहिलं, तेही चांगलं यश मिळवलेल्या बायकांबद्दल. आपण सगळ्यांना फसवलंय, कधीतरी उघडं पडणार, असं त्यांना आतून वाटत होतं. पुढे 2011 मध्ये ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परकं वाटलं, मग ते ओसरलं. जेमतेम तासाभराचं काम. पण त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. म्हणून म्हणते, वरच्या वर्गातली एखादी मुलगी गाठ आणि तिचं पहिलं वर्ष कसं गेलं ते विचार. जमलं तर तुझ्यासारखीच, घरातून पहिली आलेली शोध.

पत्रातलं मला सर्वात जास्त लागलं ते आईशी बोलणं. 'सगळं मस्त' म्हणून तू तिची काळजी वाचवतेस, हे कळतं गं. पण त्याने तिला तुझ्या जगात पाऊल टाकायला जागाच उरत नाही. ती फोनवर काय विचारणार? जेवलीस का, झोपलीस का. त्यापलीकडचे प्रश्न तिच्याजवळ नाहीत, ते तूच तिला पुरवायला हवेस. ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे काय हे तिला तिच्या भाषेत समजावून बघ. तिला कळलं, तर तुलाही पक्कं कळलेलं असेल. ती घाबरेल, परत ये म्हणेल, ही भीती असेल तर आधी एवढंच सांग: 'अडचण आहे, पण मी विचारायला सुरुवात केलीय.'

आज रात्री फोन आला की त्या चार पानांपासून सुरुवात कर.

तुझी,
ताई