वाचकांचे प्रश्न : खोलीचा दर आणि मुक्कामाचा खर्च

प्रश्न : गुहागरला आम्ही पती-पत्नी चार खोल्यांचे घरगुती निवास चालवतो. गौरी-गणपती आटोपल्यापासून दिवाळीची गर्दी सुरू होईपर्यंत काय ती आम्हाला सवड मिळते, म्हणून ऑक्टोबरमध्ये रोमला चार रात्री राहण्याचे ठरवले आहे. तीन हॉटेले बाजूला काढली आहेत. पहिले तेर्मिनी रेल्वेस्थानकाजवळ, तीन तारे, रात्रीचे १०५ युरो, न्याहारी नाही आणि आरक्षण रद्द केल्यास पैसे परत नाहीत. दुसरे त्रास्तेवेरे स्थानकाजवळ, तेही तीन ताऱ्यांचे, १२० युरो, न्याहारीसह, आणि मुदतीत कळवल्यास आरक्षण विनामूल्य रद्द करता येते. तिसरे चार ताऱ्यांचे, पोहण्याचा तलाव असलेले, न्याहारीसह केवळ ९० युरो. मात्र ते शहराभोवतीच्या वर्तुळमार्गाच्या बाहेर आहे. चार तारे एवढ्या स्वस्तात मिळत असतील तर तेच का घेऊ नये, असे यजमानांचे म्हणणे आहे. आपण काय सुचवाल?
— एक वाचिका, गुहागर

उत्तर : आपण स्वतः खोल्या देता, त्यामुळे या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याकडेच आहे. गुहागरचे नाव सांगून शृंगारतळीत खोली दिली, तर पाहुणा पहिल्याच संध्याकाळी काय बोलेल हे आपल्याला सांगायला नको. वर्तुळमार्गाबाहेरचे हॉटेल हा तसाच प्रकार आहे. तिथली खोली मोठी असेल, तलावही असेल. पण सकाळी बस, मग मेट्रो, आणि रात्री जेवून परतताना तेच उलट क्रमाने, यात रोजचे दोन तास सहज जातील. ताऱ्यांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इटलीत तारे देण्याचे निकष प्रत्येक प्रांत ठरवतो आणि ते मुख्यतः सोयी मोजतात : खोलीचे क्षेत्रफळ, स्वागतकक्ष किती तास उघडा असतो, लिफ्ट आहे की नाही. आसपास शांतता आहे का, किंवा पाहण्याच्या जागा किती लांब आहेत, हे तारे सांगत नाहीत.

शिवाय तारा वाढला की करही वाढतो. रोम महापालिकेचा मुक्काम कर ऑक्टोबर २०२३ पासून तीन ताऱ्यांच्या हॉटेलात माणशी, दर रात्री ६ युरो आणि चार ताऱ्यांच्या हॉटेलात साडेसात युरो असा आहे. तो खोलीच्या दरात बहुधा धरलेला नसतो आणि हॉटेलातच भरावा लागतो. आपणा दोघांचे चार रात्रींचे म्हणजे तीन ताऱ्यांना ४८ आणि चार ताऱ्यांना ६० युरो झाले. प्रत्येक शहराची रीत निराळी असते. आम्स्टरडॅममध्ये २०२४ पासून हा कर खोलीच्या दराच्या साडेबारा टक्के आहे, त्यामुळे तिथे खोली महाग तर करही महाग. रोममध्ये मात्र खोलीचा दर कितीही असो, माणसे आणि तारे मोजले जातात. माद्रिदमध्ये असा करच नाही.

आता उरलेल्या दोघांचा हिशोब मांडू. तेर्मिनीजवळच्या हॉटेलाचे खोलीभाडे ४२० युरो, कर ४८. फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनीला थेट जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत पोहोचवते, पण तिचे तिकीट माणशी १४ युरो आहे. दोघांचे जाऊन-येऊन ५६ झाले. एकूण ५२४. त्रास्तेवेरेच्या हॉटेलाचे खोलीभाडे ४८०, कर ४८, आणि त्याच विमानतळावरून येणारी साधी लोकल त्रास्तेवेरे स्थानकात थांबते, तिचे तिकीट ८ युरो; दोघांचे जाऊन-येऊन ३२. एकूण ५६०. म्हणजे रात्रीमागे पंधरा युरोंचा दिसणारा फरक प्रत्यक्षात नऊ युरोंचा निघाला, आणि या नऊ युरोंत दोघांची न्याहारी व आरक्षण रद्द करण्याची मुभा आली. न्याहारीबद्दल फार अपेक्षा मात्र ठेवू नका. मध्यम दराच्या इटालियन हॉटेलात ती गोडच असते : बिस्किटे, केक, कोर्नेत्तो नावाची पदरांची पोळी आणि कॉफी. कांदेपोहे आणि घावनांवर वाढलेल्या पोटाला पहिल्या दिवशी त्याची गंमत वाटते, तिसऱ्या दिवशी वाटत नाही. बाहेर खायचेच झाले तर स्थानिक लोक करतात तसे काउंटरशी उभे राहून खावे. टेबलाशी बसले की त्याच कॉफीचा दर वाढतो.

माझे मत त्रास्तेवेरेच्या बाजूने आहे. स्थानकासमोरून जाणारी ८ क्रमांकाची ट्राम व्हेनेझिया चौकापर्यंत नेते आणि तिथून कलोसियम पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. दुपारी खोलीवर येऊन तासभर पाठ टेकता येते, ही सोय चाळिशीनंतर तलावापेक्षा मोलाची वाटते. आरक्षण करण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी : त्रास्तेवेरे स्थानक आणि त्रास्तेवेरेच्या जुन्या गल्ल्या यांत बरेच अंतर आहे, तेव्हा हॉटेल नेमके कोणाच्या जवळ आहे ते नकाशावर पाहावे. गल्ल्यांमध्ये असेल तर परिसर देखणा, पण रात्री उशिरापर्यंत खिडकीखाली गजबज असते. आपण पुढे फ्लोरेन्सला किंवा नेपल्सला जाणार असाल, तर मात्र माझे मत बदलेल. त्या गाड्या तेर्मिनीहून सुटतात आणि मेट्रोचे अ व ब मार्गही तिथेच एकमेकांना छेदतात.

ऑक्टोबर हा रोमचाही गर्दीचा महिना आहे, त्यामुळे दर उतरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ते नोव्हेंबरात उतरतात आणि तेव्हा आपल्याकडे पाहुणे येऊ लागलेले असतात.

जाता जाता एक समाधानाची बातमी. परदेशी हॉटेलात स्वच्छतागृहात पाणी नसते ही आपल्या लोकांची नेहमीची तक्रार असते. इटलीत १९७५ च्या एका शासकीय आदेशाने प्रत्येक घरात निदान एका स्नानगृहात बिडे, म्हणजे धुण्यासाठीचे बसके पात्र, सक्तीचे केले आहे आणि हॉटेलांतही ते बहुतेक ठिकाणी आढळते. आणि खोलीच्या प्रकारात ‘मात्रिमोनियाले’ असे लिहिलेले दिसले, तर विवाहाचा दाखला शोधू नका. त्याचा अर्थ एकच रुंद पलंग एवढाच आहे. दोन वेगळे पलंग हवे असतील तर ‘दोप्पिया’ निवडून तसे स्पष्ट कळवावे.

प्रश्न : सासूबाई, आम्ही दोघे आणि बारा वर्षांची मुलगी असे चौघे मे महिन्यात पॅरिसला जाणार आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. एकाच खोलीत जादा गादी टाकून चौघांची सोय होईल का? सासूबाईंना बाहेरचे जेवण चालत नाही, तेव्हा खोलीत थोडे शिजवता येईल का?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : जादा गादीचा विचार सोडून द्यावा. आपल्याकडे लग्नघरात एका खोलीत दहा माणसे निजतात. तिथे प्रत्येक खोलीत किती माणसे राहू शकतात हे ठरलेले असते आणि हॉटेल त्यापुढे जात नाही. दोघांच्या नावे आरक्षण करून चौघांनी दारात उभे राहिले, तर दुसरी खोली त्या दिवसाच्या दराने घ्यावी लागते. पॅरिसमधील मध्यम दराची दोघांची खोली बारा-चौदा चौरस मीटरची, म्हणजे १३० ते १५० चौरस फुटांची असणे सामान्य आहे. चार बॅगा उघडायलाही तिथे जागा होणार नाही.

आपल्यासाठी स्वयंपाकाचा ओटा असलेले निवासी हॉटेल योग्य ठरेल. अदाजियो आणि सितादीन या साखळ्यांची अशी हॉटेले पॅरिसमध्ये अनेक आहेत. त्यांत चौघांसाठीच्या सदनिका असतात, शेगडी, शीतकपाट आणि भांडी असतात. रात्रीचा दर साध्या खोलीपेक्षा जास्त दिसेल. मात्र त्याची तुलना दोन खोल्यांच्या दराशी आणि त्यात चौघांच्या रोजच्या एका बाहेरच्या जेवणाचा खर्च मिळवून करावी. साध्या हॉटेलाच्या खोलीत विजेची शेगडी लावण्याच्या भानगडीत पडू नये, कारण धूर ओळखणारे यंत्र छतावर असते आणि फोडणीचा धूर त्याला पुरतो.

डब्यात काय न्यायचे हेही ठरवून घ्यावे. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे खव्याचे पेढे आणि साजूक तूप घरीच ठेवावे लागेल. फळे-भाज्यांना रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. त्यातून केवळ अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन ही पाच फळे वगळली आहेत. ऐन मे महिन्यात हापूस मागे ठेवून जावे लागणार, याचे मला आपल्याइतकेच दुःख आहे. पण नारळ नेता येतो आणि मासळीला २० किलोपर्यंत मुभा आहे, तेव्हा सासूबाईंना चालत असतील तर सुके सोडे जरूर न्यावेत. ते शिजवताना खिडकी उघडी ठेवावी.

गुडघ्यांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॅरिसमधील बहुसंख्य हॉटेले जुन्या इमारतींत आहेत आणि तिथल्या लिफ्ट नंतर जिन्याच्या पोकळीत बसवलेल्या आहेत. एकदा आरक्षणात ‘लिफ्ट आहे’ असे वाचून मी निश्चिंत झालो होतो. प्रत्यक्षात ती सात पायऱ्या चढल्यावर सुरू होत होती आणि तिच्यात मी किंवा माझी बॅग यांपैकी एकच मावत होते. म्हणून हॉटेलला पत्र लिहून तीन गोष्टी विचाराव्यात : रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते का, आणि स्नानासाठी उंच काठाचा टब आहे की सपाट जागा. पॅरिसच्या मेट्रोत जिने अनेक आहेत. १४ क्रमांकाच्या मार्गावर मात्र सर्व स्थानकांत लिफ्ट आहेत, तेव्हा हॉटेल त्या मार्गाजवळ किंवा बसथांब्यालगत असावे. खोली गार करणाऱ्या यंत्रासाठी मे महिन्यात जादा पैसे मोजण्याची गरज नाही. जुलै असता तर मी उलट सांगितले असते, कारण २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसचे तापमान ४२.६ अंशांपर्यंत चढले होते.

प्रश्न : व्हिएन्ना आणि बुडापेस्ट येथील हॉटेलांच्या जाहिरातींत सर्वच जण ‘शहराच्या मध्यभागी’ असे लिहितात. खरे कसे ओळखावे?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पिनकोड वाचावा. दोन्ही शहरांत चार अंकी पिनकोडातील मधले दोन अंक म्हणजे विभागाचा क्रमांक असतो. व्हिएन्नाचा १०७० हा सातवा विभाग, बुडापेस्टचा १०७२ हाही सातवाच. व्हिएन्नात १ ते ९ हे विभाग जुन्या शहरात किंवा त्याच्या लगत येतात. मुख्य रेल्वेस्थानकाजवळील हॉटेलांचा पिनकोड ११०० असला तरी दचकू नये. विभाग दहावा असला तरी तिथून यू-१ मेट्रोने शहराच्या मध्यावरचा श्टेफान चौक तिसऱ्या थांब्यावर आहे, आणि बुडापेस्टची गाडी तिथूनच सुटत असल्याने आपल्याला ती जागा सोयीचीच पडेल. बुडापेस्टचा सातवा विभाग मध्यभागी आहे यात शंका नाही, पण काझिंत्सी रस्त्याच्या आसपास जुन्या पडक्या वाड्यांतील मद्यगृहे पहाटेपर्यंत चालतात. तिथे अंगणाकडील खोली मागावी, नाहीतर पाचवा विभाग पाहावा.

प्रश्न : व्हिसा मिळण्याआधीच हॉटेलचे आरक्षण मागतात. व्हिसा नाकारला तर पैसे बुडतील का? आणि पैसे कार्डाने भरावेत का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, अर्जासोबत प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा लागतो, म्हणून अर्जापुरते विनामूल्य रद्द होणारेच आरक्षण करावे, भले ते थोडे महाग असो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. निर्णय सामान्यतः पंधरा दिवसांत होतो, पण पंचेचाळीस दिवसही लागू शकतात, तेव्हा रद्द करण्याची मुदत त्यानंतरची असावी. ती मुदत तिथल्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते. मध्य युरोपचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. व्हिसा हातात आल्यावर त्याच हॉटेलात परतावा नसलेला स्वस्त दर मिळत असेल तर तो घेऊन जुने आरक्षण रद्द करावे. त्याच हॉटेलात राहणार असल्याने त्यात गैर काही नाही.

पैसे क्रेडिट कार्डाने भरावेत. अनेक हॉटेले आल्याबरोबर कार्डावर अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात; डेबिट कार्ड दिले तर तेवढे पैसे खात्यातूनच अडकतात आणि सुटायला काही दिवस लागतात. काउंटरवरील यंत्राने रुपयांत भरायचे की युरोंत असे विचारले तर युरो निवडावे. रुपये निवडल्यास विनिमयाचा दर ते यंत्र ठरवते आणि तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा बहुधा महागच पडतो. काउंटरवरील व्यक्ती कधी कधी न विचारताच रुपये दाबून मोकळी होते, म्हणून पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर कोणते चलन आहे ते वाचावे.