गाडीत घोडी बसत नाही, उभी असते

प्रश्न : मुलगी घोडेस्वारी शिकते. मागच्या वर्षी आम्ही एक मारवाडी घोडी घेतली, खांद्यापाशी पाच फूट उंच. ती कर्जतजवळच्या पागेत असते, महिन्यातून एक-दोनदा मुंबईत आणावी लागते. भाड्याच्या टेम्पोतून उतरते तेव्हा घामाने निथळत असते आणि मागचे पाय थरथरतात. आता दोन घोड्यांचा ट्रेलर घ्यायचं चाललंय. एक जुना आहे, कमानपाट्यांचा, म्हणजे ट्रकसारख्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा. दुसरा नवा, रबरी टॉर्शन अ‍ॅक्सलचा, म्हणजे पाट्यांऐवजी रबर धक्के झेलतं असा, आतून जाड गादी लावलेला. विकणारा म्हणतो, घोडी झोपून जाईल. कुठला घ्यावा?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : ताई, आधी ती गादी कुठे लावलीय ते बघा. भिंतीला असणार. घोडी भिंतीला टेकून येत नाही, चार पायांवर उभी राहून येते. तुम्ही बोरिवलीच्या, म्हणून लोकलचंच उदाहरण देतो. विरार गाडीत धरायला कडी मिळाली नाही की माणूस काय करतो? पाय फाकवतो. घोडीही तेच करते. तिच्या दोन्ही बाजूंना खालपर्यंत पत्रा असला तर पाय फाकवायला जागाच राहत नाही. मग वळणावर ती अंग आखडून धरते, आणि कर्जत ते मुंबई असं आखडून उभं राहिलं की मागचे पाय थरथरणारच. टेम्पोतला तुमचा त्रास बहुधा हाच आहे, स्प्रिंगचा नंतर.

तेव्हा पहिली परीक्षा दोन घोड्यांच्या मधल्या फळीची. फळी घोडीच्या पोटापर्यंत हवी, खाली मोकळं किंवा नुसती रबराची झालर. एकटीच येणार असेल तर फळी बाजूला सरकवता येते का, तेही करून बघा. जुन्या ट्रेलरमध्ये खिट्ट्या गंजून बसलेल्या असतात. एकट्या घोडीला ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे उभी करायची. आपला रस्ता डावीकडे कडेला उतरता असतो, भार डाव्या अंगाला गेला की ट्रेलर तिकडे ओढतो.

दुसरी गोष्ट दोरीची. ही मी चुकून शिकलो. मुंबईचा रेसचा मोसम एप्रिलच्या सुमाराला संपला की घोडे गाड्यांतून पुण्याला जायचे आणि पावसाळा सरला की परत यायचे. माझी बरीच वर्षं त्या गाड्यांच्या मागच्या भागात घोड्यांच्या तोंडाशी उभं राहून गेली. एक्स्प्रेस वे नव्हता तेव्हा, खोपोलीवरून जुना घाट. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकून वर चढायचं. एका वर्षी एक तांबडा घोडा शेजारच्याला चावत होता, म्हणून मी त्याला आखूड बांधला, मान वर. घाटात ट्रक आडवा झाला आणि आम्ही पाच तास अडकलो. मान तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी घोड्याने दाणा सोडला, अंगात ताप. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, 'किती वेळ मान वर होती?' घोडा मान खाली घालतो तेव्हा घशातली धूळ आणि चिकटा बाहेर येतो. मान वर बांधून ठेवली की ते सगळं फुफ्फुसात उतरतं. तो घोडा तो अख्खा मोसम पळाला नाही. मालकाने मला एक शब्द विचारला नाही, त्याचंच जास्त लागलं.

म्हणून तुमच्या ट्रेलरात घोडीच्या तोंडापुढे जागा किती, ते टेपने मोजा. छातीच्या आडव्या दांड्यापुढे तिला मान लांबवून खाली झुकवता आली पाहिजे. आतली उंची सात फुटांच्या खाली नको. दोरी थेट कडीला न बांधता कडीत सुतळीचा फासा घालून त्याला बांधा. घोडी घाबरून मागे रेटली तर सुतळी तुटेल, मान वाचेल. चारा भिजवून द्या, बंद गाडीत कोरड्या गवताची धूळ फार उडते.

आता तुम्ही विचारलेलं, पाटे की रबर. रबरी अ‍ॅक्सलमध्ये चौकोनी नळीत रबराचे दांडे असतात. चाक खड्ड्यात गेलं की ते पिळले जातात आणि धक्का तिथेच विरतो. प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं, आवाज कमी. पाट्यांच्या गाडीत खडखड जास्त, पण पाटा तुटला तर हायवेवरचा कुठलाही कमानपाटेवाला दुपारपर्यंत बसवून देतो. रबराचं तसं नाही, ते थकलं की अख्खा अ‍ॅक्सल बदला. आणखी एक, रबरी अ‍ॅक्सलचा ट्रेलर गाडीला जोडल्यावर जमिनीशी समतल राहिला पाहिजे. पुढून उचललेला असला तर सगळा भार मागच्या चाकांवर जातो आणि पैसे दिलेला आराम तिथेच संपतो.

तरीही दोन्हींत खरा फरक भारक्षमतेचा. विकणारे अभिमानाने सांगतात, 'तीन टनांचे पाटे टाकलेत.' तीन टनांचे पाटे चारशे किलोच्या एका घोडीखाली वाकत नाहीत, मग वाकायचं काम घोडीला करावं लागतं. ट्रेलरचं स्वतःचं वजन हजार किलोच्या आसपास, दोन घोडे आणि सामान धरून दोन टन. त्याच्या थोडं वर पुरे. दोन अ‍ॅक्सल, चार चाकं घ्या; एक चाक खड्ड्यात गेलं तरी बाकीची गाडी तोलून धरतात. टायरमधली हवा कमी करून गादी मिळवायला जाऊ नका, टायर तापून फुटतो.

बघायला जाताना एक बादली न्या. आमच्या गाडीवरचे ड्रायव्हर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, निघताना मागच्या कोपऱ्यात चार बोटं रिकामी ठेवून भरलेली बादली ठेवायचे. घाटात थोडं सांडणारच. पण पनवेललाच बादली अर्धी झाली असेल तर मामा क्लीनरला नाही, स्वतःला शिव्या घालायचे. 'गाडी चांगलीय रे, पाय वाईट पडतोय आज.' तुम्हीही बादली ठेवा, ट्रेलर पेव्हर ब्लॉकवरून, एखाद्या रम्बलरवरून न्या आणि किती सांडलं ते बघा. मग विकणाऱ्याच्या आवारातच पाच मिनिटं स्वतः आत उभ्या राहा, हात कशालाही न लावता. रस्त्यावर हे करू नका, तिथे चालत्या ट्रेलरात माणूस नको.

आत असताना रबरी मॅट उचला. विकणारा नको म्हणेल. मुताने खालची फळी सडते, वरून काही कळत नाही. कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. लाकडात सहज गेला तर तिथूनच परत फिरा. अ‍ॅल्युमिनियमचा तळ असेल तर पांढरी पूड आणि खळगे बघा. भिंतीवर मूठ मारून ऐका, पत्रा डब्यासारखा वाजला तर घोडी तेच तासन्‌तास ऐकणार. आतून फिका रंग हवा. घोड्याचे डोळे उजेडातून अंधाराला सावकाश सरावतात. काळ्या बोगद्यात शिरायला ती नकार देते आणि आपण तिला हट्टी म्हणतो. आपल्याकडच्या दमट हवेत छताला झडप आणि दोन्ही बाजूंना खिडक्या हव्यातच. बंद गाडीत नुसत्या उभ्या घोडीलाही घाम फुटतो.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का, ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तकात किती वजन ओढायला परवानगी लिहिलीय आणि ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी आहे का, हे तीन प्रश्न बयाणा देण्याआधी विचारा.

माझं मत विचाराल तर तुमच्या दोन ट्रेलरांत ज्याची फळी मोकळी, पुढे जागा आणि तळ धड असेल तो घ्या, मग पाट्यांचा निघाला तरी चालेल. तिन्ही सारखे असतील तर रबरी. गादीचे पैसे कापून घ्या. उरलेल्या पैशांत ड्रायव्हरला चार फेऱ्या रिकामा ट्रेलर ओढायला लावा. घोड्याच्या अंगाचा साठेक टक्के भार पुढच्या पायांवर असतो, ब्रेक लागला की सगळा छातीवर येतो. वळणाआधी वेग उतरवायचा, वळणात नाही.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा घेतोय. साध्या ट्रकमधून डोंबिवलीला आणला तर चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दादा, चालेल, पण तो साधा ठेवू नका. प्राणी वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत, त्यात घोड्यांचं वेगळं प्रकरण आहे, आणि ते लिहिणाऱ्याने घोडा जवळून पाहिला होता असं वाचताना वाटतं. तळाला न घसरणारं काहीतरी, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू, मागे दोन मजबूत आडवे दांडे, एका गाडीत चार ते सहाच घोडे, सोबत एक माणूस. तोंडं डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांनी घोडा बिचकत नाही. वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नको. हे सांगितलं की ड्रायव्हर हसतात. हसू द्या, भाडं ठरवतानाच सांगा. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हातात ठेवा.

वाट लांब आहे, धुळे, नाशिक आणि मग कसारा घाट. दर तीन-चार तासांनी थांबा, दोरी सोडून मान खाली घालू द्या, पाणी दाखवा. यात्रेतला माणूस 'न थांबता रात्रीत पोचवतो' म्हणाला तर दुसरा बघा. घरी पोचल्यावर गवत जमिनीवर टाका, टांगू नका. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा दाणा उरवला तर उद्यावर न टाकता डॉक्टरांना बोलवा.