बोलिव्हियातलं ला पाझ फिरायला कसं आहे? उंचीचा खरंच एवढा त्रास होतो का?

तुम्ही लिहिलंय की पेरू करून चार दिवस उरतायत, ला पाझला जावं का ते ठरत नाहीये, कारण कोणीतरी सांगितलंय की तिथे धाप लागते आणि बघण्यासारखं काही नाही. धापेचं खरंय. बघण्यासारखं काही नाही हे मात्र अजिबात पटलं नाही. मी आणि नवरा पाच दिवस होतो, त्यातला पहिला दिवस मी हॉस्टेलच्या बेडवर भिंतीकडे तोंड करून काढला, तरी परत जायला एका पायावर तयार आहे.

आधी उंचीचं सांगते. शहराचा मधला भाग साधारण 3,640 मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षाही थोडा वर, कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी वर साडेतीनशे मीटर उरतात. विमानतळ तर त्याच्याही वर, एल आल्तोला, 4,061 मीटर. आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं तर बोलिव्हियातल्याच सांता क्रूझहून, जे जेमतेम चारशे मीटरवर आहे, तिथून थेट विमानाने तासाभरात इथे. उतरलो, सामान घेतलं, सगळं मस्त, मी म्हटलं लोक उगाच घाबरवतात, आणि मग टॅक्सीच्या डिकीत एक बॅग उचलून टाकली आणि सिंहगड पळत चढल्यासारखं झालं. रात्री डोकं घणाने ठोकल्यासारखं, झोप नाही, जेवणाचा वास नको. कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर नवऱ्याने आणलं होतं, त्यात 84 आलं (त्याचा फोटो काढून आईला पाठवू नका, मी पाठवला, मग दोन दिवस फोन).

तुमचं बरंय, तुम्ही पेरूहून येताय. कुस्को, पुनो, तितिकाका असं करत बसने या, तोपर्यंत अंगाला सवय झालेली असते. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते निघायच्या आधी डॉक्टरला विचारा. पहिल्या दिवशी दारू नको, रात्री हलकं जेवण, पाणी भरपूर आणि चढ दिसला की टॅक्सी, लाज वाटून घेऊ नका. कोकाच्या पानांचा चहा, माते दे कोका, सगळीकडे मिळतो, चव साधारण गवती चहा उकळायचा विसरलाय अशी, पण गरम काहीतरी पोटात जातं म्हणून बरं वाटतं. धाप मात्र पाचव्या दिवशीही जिन्यावर लागायचीच.

आता शहर. हे एका खोल वाडग्यात बसलंय असं समजा, आणि वाडग्याच्या काठावर सपाट पठारावर एल आल्तो, जे आता वेगळं शहर आहे आणि लोकसंख्येत ला पाझच्या पुढे गेलंय. मुंबईत जितका वरचा मजला तितका महाग, इथे बरोब्बर उलटं. श्रीमंत लोक तळाला, सोना सूर म्हणजे दक्षिणेकडच्या भागात राहतात, कारण तिथे ऊब जास्त, वारा कमी आणि श्वास जरा मोकळा. जसजसं वर जाल तशी घरं प्लॅस्टर नसलेली, उघड्या लाल विटांची, थंडी वाढत जाणारी. एवढं कळलं की मग शहर कळायला लागतं, कोण कुठे राहतो, कोण कुठे कामाला उतरतो.

आणि ते बघायला सगळ्यात भारी जागा म्हणजे तिथली केबल कार, तिचं नाव ‘मी तेलेफेरिको’, स्पॅनिशमध्ये ‘माझी केबल कार’. टुरिस्टांसाठी नाही हां, आपली लोकल असते तशी, पहिली लाल लाइन 2014 मध्ये सुरू झाली, आता दहा रंगांच्या दहा लाइन आहेत. आम्ही गेलो तेव्हा तिकीट तीन बोलिव्हियानो होतं. ऑफिसवाले, शाळेची पोरं, भाजीचं गाठोडं पाठीला बांधलेल्या बायका, सगळे त्या दहा जणांच्या डब्यात समोरासमोर बसतात, आत येताना ब्युएनोस दियास म्हणतात आणि मग गप्प. लाल लाइन मोठ्या स्मशानभूमीवरून जाते. तिथे शवपेट्या जमिनीत पुरण्याऐवजी भिंतीतल्या कप्प्यांमध्ये ठेवतात, मजल्यावर मजले, प्रत्येक कप्प्याला छोटं काचेचं दार, आत फुलं, फोटो, खेळण्यातली गाडी, कोकच्या बाटलीचं छोटं खेळणं. आम्ही नंतर पायी आत गेलो, एक मुलगा उंच शिडी घेऊन फिरत होता, वरच्या कप्प्यात फुलं बदलून देतो, त्याचे पैसे. मी तिथे बराच वेळ उभी होते. पिवळ्या लाइनने संध्याकाळी वर जा, समोर इयिमानी दिसतो, 6,438 मीटर, बर्फाचा, शहराच्या डोक्यावर कोणीतरी पांढरा फेटा ठेवलाय असा.

रविवार किंवा गुरुवार मिळाला तर लाल लाइनने वर एल आल्तोच्या बाजारात जा, 16 जुलै नावाचा. जुन्या वस्तूंच्या बाजाराचं म्हणाल तर आपला जुना बाजार म्हणजे त्याचा एक कोपरा. गाडीची दारं, लग्नाचे ड्रेस, कोंबड्या, एका पायाचा बूट. मोबाईल मात्र आतल्या खिशात. तिथेच ते रंगीबेरंगी चोलेत दिसतात, फ्रेडी मामानी नावाच्या आयमारा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, आर्किटेक्टने गाजवलेल्या इमारती, हिरवा केशरी जांभळा सगळं एकदम, खाली दुकानं, मधे झुंबरांचं मंगल कार्यालय, वर मालकाचं घर. आपल्याकडे कोणी बांधलं तर सोसायटी नावं ठेवेल, पण त्या विटकरी पठारावर ते असं काही खुलून दिसतं की बस.

खाण्याबद्दल कोणी फार लिहीत नाही म्हणून मी लिहिते. आपला उपवास आठवा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची. सगळं मूळचं अमेरिका खंडांतलं. बहुतेक पोर्तुगीज बोटींतून आपल्याकडे आलं आणि एकादशीला जाऊन बसलं. तिथे सोपा दे मानी म्हणून शेंगदाण्याचं सूप मिळतं, पहिला घोट घेतला आणि नवरा म्हणाला ही तर दाण्याची आमटी, फक्त वर तळलेले बटाटे आणि खाली मटणाचं हाड. टेबलावर याहुआ असते, टोमॅटो आणि लोकोतो मिरची दगडावर वाटलेली. तो दगड, बातान म्हणतात त्याला, म्हणजे पाटाच, पण वरवंटा अर्धचंद्र, पुढेमागे ओढायच्या ऐवजी डुलवायचा. खानावळीतल्या मावशींनी मला करू दिलं, मला जमलं नाही, त्या हसल्या. सकाळी साल्तेन्या खा, करंजीसारखी दिसते पण आत चिकनचा पातळ रस्सा भरलेला, आधी कोपरा चावून रस ओढून घ्यायचा, मी पहिल्यांदा मधेच चावली आणि जॅकेटवर सगळं सांडलं. दुपारपर्यंत संपतात, उशिरा गेलात तर नाही मिळणार. शाकाहारी असाल तर हाल आहेत थोडे, आधीच विचारा, सूपमध्ये हाड असतंच.

रोद्रिगेस मार्केटमध्ये बटाटे घेतले. किती प्रकार, जांभळे, बोटासारखे, आणि काळे सुरकुतलेले चुन्यो, म्हणजे पठारावरच्या थंडीत रात्री गोठवून, दिवसा उन्हात ठेवून, पायाने तुडवून पाणी काढलेले, कित्येक वर्षं टिकतात म्हणे. चव मला नाही आवडली, ओल्या खडूसारखी. भाजीवाली गोल टोपीवाली आजी, मला कासेरिता म्हणाली, तिथे गिऱ्हाईक आणि विक्रेता एकमेकांना असंच म्हणतात, आपलं ताई म्हणतात तसं. मी एक शब्द शिकून गेले होते, यापा. म्हणजे वर थोडं द्या. तिने माझ्याकडे बघितलं, दोन बटाटे टाकले, मग अजून एक टाकला. कोथिंबिरीची काडी फुकट मिळते तेव्हाचा आनंद.

आणि मग ते बटाटे आणि मसूर हॉस्टेलच्या किचनमध्ये साध्या पातेल्यात शिजवायला घेतले. पाऊण तास झाला, पाणी खळखळ उकळतंय आणि मसूर कच्चे. तिथे पाणी साधारण 88 अंशांवरच उकळतं ना, हवेचा दाब कमी म्हणून, मग कितीही उकळा, त्याच्यावर गरम होतच नाही. हॉस्टेलच्या बाईंनी येऊन बघितलं, काही न बोलता कपाटातून प्रेशर कुकर काढून दिला. शिट्टीवाला नव्हता पण आवाज ऐकून घरी आल्यासारखं वाटलं.

बाकी गोष्टी पटकन सांगते. संसदेवर उलटं घड्याळ आहे, आकडे उलटे, काटे उलटे फिरतात, 2014 ला लावलं, म्हणणं असं की दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली तशीच फिरते, मग आम्ही उत्तरेची नक्कल का करायची. रस्त्यावर झेब्र्याचा ड्रेस घातलेली पोरं झेब्रा क्रॉसिंगवर ट्रॅफिक सांभाळतात, नाचतात. चेटकिणींचा बाजार म्हणून गल्ली आहे, तिथे लामा नावाच्या, उंटाच्या कुळातल्या प्राण्याची न जन्मलेली पिल्लं वाळवून टांगलेली असतात, नवीन घराच्या पायात पाचामामा म्हणजे धरणीमातेला द्यायला. लोक ई करून फोटो काढतात, मला आपली वास्तुशांत आणि भूमिपूजन आठवलं. चंद्राची दरी, म्हणजे झिजून झालेले मातीचे सुळके, ठीक आहे, वेळ असेल तर. आणि हो, फुटबॉलवेड्यांसाठी, 2009 मध्ये इथेच बोलिव्हियाने अर्जेंटिनाला 6-1 हरवलं होतं, मेस्सी होता आणि कोच मॅराडोना.

त्रासदायक बाजू पण सांगते. मोर्चे आणि रस्ता रोको सारखे असतात, बसचं तिकीट काढायच्या आदल्या दिवशी हॉस्टेलमध्ये विचारून घ्या रस्ता उघडा आहे का, आणि परतीच्या विमानाच्या दिवशीच ला पाझला पोचायचं असा प्लॅन तर करूच नका. साध्या कपड्यातला कोणी पोलीस आहे म्हणून पाकीट किंवा पासपोर्ट मागत असेल तर देऊ नका, हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. उन्हात थंडी वाजते आणि तरी चेहरा भाजतो, सनस्क्रीन लावा, माझं नाक सोललं.

तर चार दिवसांचं माझं मत, या. पहिला दिवस काहीही ठरवू नका, दुसरा केबल कारमध्ये, रविवार गाठता आला तर बाजार, बाकी खात फिरा. आणि निघताना जॅकेटचे खिसे उलटे करून बघा, कोकाची पानं तिथे दुकानात मिळतात पण आपल्याकडे आणि बऱ्याच देशांत ती बेकायदा आहेत. माझ्या खिशात तीन पानं निघाली, विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यापाशी.