जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि उरलेल्या कॅप्सूल

प्रश्न : घोडबंदर रोडला बाराव्या मजल्यावर गॅलरीत जास्वंद आहे. तिला पिठ्या ढेकूण लागलाय. ही कीड अंगातल्या जिवाणूंच्या जोरावर जगते, असं वाचलं. मग घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल पाण्यात कालवून फवारल्या तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वाचलंत ते खरं, पण कॅप्सूल अजिबात फवारू नका. झाडाच्या रसात साखर भरपूर, मात्र आवश्यक अमिनो आम्लं फारच कमी. कीड ती स्वतः बनवू शकत नाही. तिच्या खास पेशींत राहणारे जिवाणू बनवून देतात. मावा या रस शोषणाऱ्या दुसऱ्या किडीत हे काम बुखनेरा नावाचा जिवाणू करतो, आणि पिल्लाला तो आईच्या पोटातच मिळतो. आयतं घर मिळाल्याने त्याची बहुतेक जनुकं गळून गेली : त्याचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, सुमारे 6 लाख 40 हजार अक्षरांचा, तर आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा 46 लाखांचा. लिंबू-संत्र्यावरच्या पिठ्या ढेकणात तर ट्रेम्ब्लाया या जिवाणूच्या आत मोरानेला हा दुसरा जिवाणू राहतो, आणि काही अमिनो आम्लं ढेकणासकट तिघं मिळून पुरी करतात. किती विलक्षण आहे हे!

प्रयोगशाळेत अँटिबायोटिक दिलेला मावा खुरटतो, त्याला पिल्लं जवळपास होत नाहीत. पण तिथे ते खाद्यातून देतात. तुमची फवारणी ढेकणाच्या अंगावरच्या मेणावरून ओघळून कुंडीत जाईल आणि मातीत औषधाला न जुमानणारे जिवाणू तेवढे वाढतील.

त्याऐवजी फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 2-3 मिली द्रव साबण घुसळा. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. मग संध्याकाळी पानांच्या पाठी आणि फांद्यांचे बेचके चिंब भिजवा. कापसासारख्या पुंजक्यातली अंडी यातून वाचतात, म्हणून सात दिवसांच्या अंतराने तीनदा. मुंग्या चढू देऊ नका, ढेकणातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात.

एक मात्र नीट बघा. ढेकणांतच एखादी जास्त लांब पांढऱ्या झालरींची, भराभर चालणारी अळी दिसली, तर ती ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलीमस भुंग्याची. ती दिसली की फवारणी थांबवा.

प्रश्न : युरिया घातल्यावर कीड वाढली. योगायोग?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही. जादा नत्राने रसातली अमिनो आम्लं वाढतात, म्हणजे किडीला जे कमी पडतं तेच तुम्ही पुरवता. महिनाभर युरिया बंद ठेवा, मूठभर शेणखत पुरे.